सात वाजताचा भोंगा

नांद्रे, वसगडे ही गावे मागे पडली की सांगली-पलूस रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची दाटी सुरू होते. जानेवारीत तोडणीचा हंगाम भरात असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागच्या मोटारीला किलोमीटरभर वाट न देणाऱ्या. मधूनच पाला कापून मोकळी दिसणारी हळदीची राने. पलूस जवळ आले की द्राक्षबागांचे मांडव. कृष्णेच्या आणि उपसा सिंचनाच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख पाहताना इथे कधी काळी नुसते माळ होते, हे सांगूनही पटत नाही.

अशाच एका माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभी केली. किर्लोस्करवाडी म्हटले की लोखंडी नांगर आठवतो. पण मराठी घरांच्या दृष्टीने या वाडीतून बाहेर पडलेला दुसरा माल अधिक दूरवर पोचला. ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये, ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये सुरू झाले. ही मासिके टपालाने थेट माजघरापर्यंत गेली आणि त्यांच्या मागोमाग वडीलधाऱ्यांची काळजीही गेली. सून काय वाचते, मुलगी कोणत्या गोष्टीत रमली आहे, दिवा उशिरापर्यंत कोणाच्या खोलीत जळतो, यावर लक्ष ठेवणारे डोळे तेव्हाही होते. मोबाईलच्या चिंतेने हैराण झालेल्या पालकांनी वाडीच्या फाटकासमोर घटकाभर गाडी थांबवायला हरकत नाही.

२०२३ च्या जानेवारीतील एका रविवारी सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका आडत्याचे कुटुंब या रस्त्याने चालले होते. आजींना कुंडलच्या पार्श्वनाथांचे दर्शन घ्यायचे होते. आडत्याला तिथून पुढे कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी जायचे होते. त्या गावचा एक शेतकरी त्याच्या वडिलांच्या काळापासून हळद याच पेढीवर घालत आला होता, आणि यंदाचे पीक काढणीपूर्वी एकदा रानात उभे राहून पाहावे, अशी त्याची विनंती होती. बरोबर पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी.

मुलाला फोन मिळाला तो २०२० साली, शाळा बंद झाल्या तेव्हा. चौथीतला मुलगा, वर्ग फोनवर, गृहपाठ फोनवर, गुरुजींची हजेरीही फोनवर. शाळा पुन्हा भरू लागली, पण फोन परत घेता आला नाही. घरोघरची ही कहाणी वाचकांस नवी नाही. आडत्याने मग आपल्या स्वभावाला साजेसा मार्ग काढला. गोदामात आलेल्या-गेलेल्या पोत्यांची नोंद असते, तशी फोनचीही असावी, म्हणून त्याने गुगलचे ‘फॅमिली लिंक’ बसवून घेतले. कोणत्या ॲपवर किती मिनिटे गेली हे त्याला पेढीवर बसल्या बसल्या दिसे. नवे ॲप घ्यायचे तर त्याची परवानगी लागे. रात्री साडेनऊला मुलाचा फोन आपोआप बंद होई. संदेशांत काय लिहिले आहे, हे मात्र त्यात दिसत नसे. आणखी एक गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. गुगलच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षे पूर्ण होताच ही देखरेख चालू ठेवावी की थांबवावी, हे मुलाला स्वतः ठरवता येई. पालकाला फक्त तशी सूचना जाई. मुलाचा वाढदिवस मे महिन्यात होता.

कुंडल हे क्षेत्र आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेले असेल. गावात कलिकुंड पार्श्वनाथ, आणि डोंगरावर झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही या गावाचे नाव आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे हे एक प्रमुख केंद्र होते. डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून भोवतालचा उसाचा हिरवा पट्टा पाहताना, याच रानांतून निरोप्ये रात्री-अपरात्री चिठ्ठ्या घेऊन धावत असतील, असे मनात आल्यावाचून राहत नाही. सरकारच्या पाळतीला चकवण्याची कला या मुलखाला चांगलीच अवगत होती.

आजी नातवाचा हात धरून सावकाश चढल्या. दर्शन झाले. वर वाऱ्यावर बसल्यावर सुनेने छायाचित्र काढण्यासाठी आजींचा फोन मागितला; तिचा स्वतःचा फोन गाडीत राहिला होता. पिशवीतून निघालेल्या फोनमध्ये नऊ टक्के बॅटरी होती, आणि दिवसभराचा डेटा दुपारीच संपल्याचा संदेश पडद्यावर आला होता. आजी त्या फोनवर प्रवचने ऐकत. रोज एखादे, तेही झोपण्यापूर्वी. सुनेने पडदा वर सरकवला आणि काही न बोलता फोन नवऱ्याच्या हाती दिला. वर्षभर ज्या मिनिटांचा हिशेब चोख जुळत होता, ती मिनिटे दुसऱ्याच खात्यावर पडत होती.

आडत्याचा चेहरा उतरला, पण क्षेत्रावर आवाज चढवण्याची सोय नव्हती. आजीच म्हणाल्या, “मी दिला त्याला. मागत होता, दिला.” आणि थोड्या वेळाने, डोंगराखाली दिसणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या दिशेकडे पाहत त्यांनी सांगितले, की लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षे शेजारणीकडून आणलेले ‘स्त्री’चे अंक त्या तांदळाच्या डब्याखाली ठेवीत. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण डबा हलला की त्यांना बरोबर कळे. मुलगा हसला. आडत्या हसला नाही.

कुंडलहून देवराष्ट्र्याकडे जाताना सागरेश्वरचे डोंगर सोबत करतात. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म इथेच झाला. त्यांच्या लहानपणी हे डोंगर कसे होते, याची कल्पना आजच्या झाडीवरून येणार नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीमुळे आणि लोकांच्या साथीने या उजाड टेकड्यांवर झाडे लागली, चराई थांबली, हरणे आली आणि १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. माणसांनी मुद्दाम उभे केलेले रान म्हणून सागरेश्वरकडे बोट दाखवले जाते. गावाने एखादी गोष्ट ठरवली तर ती होते, असा एक विश्वास या टापूत आहे. वडगावकडे वळण्यापूर्वी तो लक्षात असलेला बरा.

मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. ऊस, हळद, दूधदुभते, भैरवनाथाचे देऊळ, काही पक्की घरे, काही जुन्या सोप्याची. दोन खोल्यांच्या घरात सासू, सून, दोन मुले आणि दूरदर्शन संच एकाच भिंतीला टेकून नांदतात. मुलाने अभ्यासाला बसावे म्हणून सांगायचे, आणि त्याच खोलीत मालिका लावायची, हा पेच शहरातल्या स्वतंत्र खोलीवाल्यांना सहसा कळत नाही. करोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांचे लिहिण्या-वाचण्यात लक्ष नाही, हात सतत फोनकडे जातो, अशी तक्रार शिक्षकांकडून आणि घराघरांतून येऊ लागली. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. सुरुवातीला पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला, हे सरपंचांनीच पुढे सांगितले आहे. निर्णय झाला तो महिलांच्या ग्रामसभेत, १४ ऑगस्ट २०२२ रोजी. तिथे बायकांनी मुलांच्या फोनबरोबर स्वतःच्या मालिकांविषयीही कबुली दिली, आणि म्हणूनच पुढची गोष्ट शक्य झाली, असे मानायला जागा आहे. दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनापासून, देवळावरचा भोंगा रोज संध्याकाळी सात वाजता वाजू लागला. त्यानंतर साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत गावात फोन आणि दूरदर्शन दोन्ही बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. पहिल्या दिवसांत आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरून आठवण देत होते.

आडत्याचे कुटुंब पोचले तेव्हा सूर्य मावळायला अर्धा-पाऊण तास होता. यजमान शेतकऱ्याला पाहुण्यांचा नेम ठाऊक होता. दूध, शेंगदाण्याची चिक्की, केळी आधीच मांडून ठेवली होती आणि आजींनी वेळेत पाणी घेतले. मग मंडळी रानात गेली. गड्डे खणून पाहिले. आडत्याने एक हळकुंड नखाने खरवडले, वास घेतला, यजमानाने न विचारलेल्या प्रश्नाला मान डोलावून उत्तर दिले. परतेपर्यंत अंधार पडला होता.

घरात मालिका चालू होती. नायिकेची सासू काहीतरी निर्णायक बोलणार, तोच भोंगा झाला. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला अंधारातला भोंगा दचकवतो. आडत्या उठूनच उभा राहिला. यजमानाच्या पत्नीने मात्र संच बंद केला, जणू दुधाखालचा गॅस बंद करावा तसा. यजमानाने खिशातला फोन काढून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. त्याच्या सुनेचा फोन त्यावर, मुलाचा त्यावर. दोन नातवंडांनी दप्तरे उघडली. शेजारची एक मुलगी वही घेऊन आली आणि कोणी ‘ये’ म्हणण्याची वाट न पाहता नेहमीच्या जागी बसली. तिच्या घरी आजोबा आजारी होते, त्यामुळे तिथे बसायला जागा नव्हती. यजमानाने चष्मा लावून सकाळचे वर्तमानपत्र संध्याकाळी उघडले.

गावाचा आवाज बदलतो, तो ऐकण्यासारखा असतो. एरवी घराघरांतून येणारे एकाच मालिकेचे शीर्षकगीत थांबले की आधी गोठे ऐकू येतात. मग भांडी. मग कुठेतरी पाढे म्हणणारे एक पोर, तेरा सत्ते एक्क्याण्णववर अडखळून पुन्हा तेरा एके तेरावर जाणारे. धाकटी आईच्या मांडीवर बसून हे ऐकत होती. आडत्याच्या मुलाने थोडा वेळ छताकडे पाहिले, थोडा वेळ बोटे मोडली, आणि शेवटी यजमानाच्या नातवाच्या वहीत डोकावला. दोघेही सातवीत. अपूर्णांकांची गणिते होती.

सात वाजून दहा मिनिटांनी आडत्याचा फोन वाजला. अहमदाबादच्या खरेदीदाराचा होता. दोनशे पोत्यांच्या सौद्याचे बोलणे शुक्रवारपासून अडले होते. वही लिहिणाऱ्या शेजारच्या मुलीने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. आडत्या अंगणात आला. समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने तोंडाने काही न म्हणता नुसता हात वर केला. आडत्या चालू लागला. देवळावरून, ग्रामपंचायतीवरून, शेवटच्या घरावरून तो पुढे गेला, आणि उसाने भरलेल्या एका उभ्या ट्रॉलीच्या आडोशाला थांबून त्याने सौदा केला. परत यायला वीस-पंचवीस मिनिटे लागली.

यजमानाने विचारले नाही. आडत्यानेच ओशाळून कारण सांगितले. “धंद्याचं असतंय तसं, अण्णा,” यजमान म्हणाला. “आमच्यातबी कोण कोण रानात जाऊन बोलतंय. पण घरात नाय बोलत.”

या शेवटच्या वाक्यात वडगावच्या प्रयोगाचे बळ आहे आणि मर्यादाही. भोंगा दीड तासाचा. दिवसाचे उरलेले साडेबावीस तास त्याला दिसत नाहीत. मूल त्या वेळात काय पाहते, कोणाशी बोलते, कोणता खेळ पैसे मागतो, यांवर भोंग्याकडे उत्तर नाही, आणि तसा दावा गावानेही केलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. तो ठराव ऐकायला अधिक कडक वाटतो. पण त्यात बंदी मुलांना आहे. वडगावात ती आजोबांनाही आहे. कडकपणाचे माप कोणत्या बाजूने घ्यायचे, हा प्रश्नच आहे. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. कायदा योग्यच आहे. मात्र संमतीचे बटण दाबणारा अंगठा बहुतेक घरांत त्या क्षणी दुसरेच काही पाहत असतो.

व्यापारी घरांची अडचण इथे खरी आहे, ती झटकून टाकता येत नाही. आडत्याची पेढी आता गादीवर नाही, फोनमध्ये आहे. भाव, लॉरीचा क्रमांक, बँकेचा संदेश, उधारीची आठवण, सगळे त्याच पडद्यावर. मुलाला मात्र तो पडदा एकच दिसतो. वडील भाव पाहत आहेत की चित्रफिती, हे समोर जेवायला बसलेल्याला कळण्याचा मार्ग नसतो. पूर्वी चोपडी मिटली की दुकान मिटत असे, आणि ते मिटलेले घरातल्या लहानांनाही दिसत असे.

साडेआठला दुसरा भोंगा झाला. मुले लगेच उठली नाहीत, असे लिहायला आवडले असते. पण यजमानाचा धाकटा नातू कोनाड्याकडे धावला, हेच खरे. मोठा गणित संपवून उठला. मालिकेतील सासू काय बोलली, ते शेजारणीलाही ठाऊक नव्हते.

परतीच्या वाटेवर पलूसपर्यंत कोणी बोलले नाही. मग मागच्या आसनावरून मुलाने विचारले, “बाबा, तुम्ही वेशीपर्यंत गेला होता बोलायला?”

“हो.”

“मग चालतं?”

आडत्याने पुढच्या ट्रॉलीला ओलांडण्यासाठी वेग वाढवला. आजी झोपल्या नव्हत्या, पण त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी विषय काढला तो पत्नीने. वडगावची वेळ सांगलीत चालण्यासारखी नव्हती. आडत्या पेढीवरून यायचाच साडेसातला. बरीच घासाघीस होऊन आठ ते नऊ ठरले. आजींचा जुना पितळी डबा मिळाला, त्यात सगळ्यांचे फोन. आजींचाही, कारण त्याशिवाय नातू मान्य करेना. इथे भोंगा कोण वाजवणार, अशी धाकटीला काळजी पडली. तिला ताट आणि पळी देण्यात आली. पहिल्या आठवड्यात आडत्या दोनदा फोन घेऊन जिन्यात गेला. दोन्ही वेळा मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला. त्याने तो कोणाला दाखवला नाही, पण तो सर्वांना दिसत होता. फेब्रुवारीत असे सात गोल झाले, मार्चअखेरीच्या धामधुमीत नऊ, एप्रिलमध्ये तीन.

मे महिन्यात मुलाला तेरावे वर्ष पूर्ण झाले. त्याच आठवड्यात त्याने फोनवरची देखरेख बंद केली, आणि नियमाप्रमाणे वडिलांच्या फोनवर तशी सूचना आली. आठ वाजून दहा मिनिटांची वेळ तीवर होती. आडत्याने ती पाहिली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तोवर फोन डब्यात होता.